पाय पाहू दिले नाहीत

मी आजवर लिहिलेलं सगळ्यात सुबक खोटं एका निळ्या फाइलमध्ये आहे. अक्षर वळणदार, सरळ रेघेत, कुठे खाडाखोड नाही. 'दोन्ही पाय पाहिले. स्वच्छ. जखम नाही.' असं ओळीनं तीन मंगळवार लिहिलंय, आणि तिन्ही मंगळवारी मी त्या पायांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज चिंचवडला, घर चिखलीला आणि डोकं कायम तापलेलं. वॉर्डात सिस्टर ओरडल्या की तोंडानं 'सॉरी सिस्टर' म्हणायचे आणि मनातल्या मनात त्यांचा असा उद्धार करायचे की त्यांना ऐकू आला असता तर माझं नाव त्याच दिवशी कटलं असतं. काम मात्र चोख करायचे, निदान माझा तसा समज होता.

ऑगस्टमध्ये आम्हाला गावातल्या कामाला लावलं. गाव कुरुळी. कॉलेजची बस सकाळी सोडायची, दुपारी न्यायची. प्रत्येकीला पाच घरं वाटून दिलेली. दर मंगळवारी त्या घरांत जायचं, कुणाचं बीपी वाढलंय, कुणाच्या बाळाची लस राहिलीय ते बघायचं आणि त्या घराच्या फाइलमध्ये लिहायचं. फाइलमध्ये छापलेले रकाने असत. रकाना रिकामा दिसला की आमच्या भोईर मॅडम त्याला लाल पेनानं गोल करायच्या. त्या लाल गोलाला आम्ही जेवढं भ्यायचो तेवढं देवालाही भीत नव्हतो.

माझी मैत्रीण प्राजक्ता हिच्या वाट्याच्या एका घराला नेहमी कुलूप असायचं. तिनं त्या घरातल्या चौघांचं बीपी लिहून टाकलं, तेही वयाप्रमाणे चढतं. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो. तेव्हा ते विनोदीच वाटलं होतं.

माझं तिसरं घर गेनबा आणि सगुणाबाईंचं. दोघं गावचे मूळचे. बरीच जमीन कंपनीत गेलेली, उरलेल्या तुकड्यात त्यांनी भाड्याच्या बारा खोल्या बांधलेल्या. त्यात राहणारी माणसं महाळुंग्याच्या कारखान्यांत लेथवर आणि प्रेसवर कामाला. शिफ्ट करून आली की अंगणात बूट झटकायची. तळव्यात रुतलेला लोखंडाचा कीस फरशीवर पडायचा आणि उन्हात चमकायचा. सगुणाबाई रोज तो झाडून काढायच्या. अनवाणी. चप्पल घालून अंगण झाडणं त्यांना पटायचं नाही.

त्यांना अकरा वर्षांपासून शुगर होती. इतक्या जुन्या शुगरनं पाय बधिर होतात, काही रुतलं तरी कळत नाही. म्हणून अशा माणसाचे पाय दर आठवड्याला नीट बघायचे, तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. पहिल्या मंगळवारी भोईर मॅडमनी स्वतः बघून मला दाखवलं होतं.

दुसऱ्या मंगळवारी मी एकटी गेले. बीपी घेतलं, बोटाला टोचून साखर बघितली आणि पायाशी बसले, तर सगुणाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"तुझं लगीन झालंय का गं?"

"नाही, आजी."

"मग हात लावू नगस. कुमारिका हायेस तू. नवरात्रात आमी कुमारिकेचं पाय धुतो, ते पानी डोळ्याला लावतो. तिच्या हातात आपलं पाय द्यायचं म्हंजी पाप लागंल मला."

"पण मॅडमनी बघितले ना मागच्या वेळी?"

"त्या बाई सवाष्ण हायेत. त्यांचं चालतं."

मी हुज्जत घालायला हवी होती. एरवी मला हुज्जतीचं वावडं नव्हतं, रिक्षावाल्यांना विचारा. पण खरं सांगते, मला बरंच वाटलं. शेणामातीच्या, भेगाळलेल्या पायांची मला किळस यायची, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. शिवाय सगुणाबाईंनी तेवढ्यात ताट वाढलं. बाजरीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. मी जेवले, बसमध्ये येऊन बसले, मांडीवर फाइल घेतली. पायांचा रकाना रिकामा होता. मी तो भरला.

तिसऱ्या मंगळवारी मी विचारलंसुद्धा नाही. चौथ्या मंगळवारी तर तो रकाना मी त्यांच्या दारात पाऊल टाकायच्या आधीच भरला होता. जेवणाचं ताट मात्र तिन्ही वेळा घेतलं.

पाचव्या मंगळवारी भोईर मॅडम न सांगता आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मावशी, पाय बघू जरा."

मॅडम सवाष्ण, त्यामुळे सगुणाबाईंनी लगेच पाय पुढे केले. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट टम्म सुजलं होतं. त्यातलं चांदीचं जोडवं मांसात रुतलं होतं आणि भोवती कातडी जांभळी पडली होती. मॅडमनी बोट हलकेच उचललं तसा खालून पू आला. सगुणाबाई मात्र नातीला हाक मारत होत्या, "सृष्टे, मॅडमला च्या टाक." त्यांना काही दुखतच नव्हतं.

मॅडमनी हात पुढे केला. मी फाइल दिली. त्यांनी ते पान वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मागच्या मंगळवारी इथे काहीच नव्हतं?"

मी काय बोलले असते, मला आजही ठाऊक नाही. कारण माझ्याआधी सगुणाबाई बोलल्या.

"न्हाई वं बाई. पोरगी दर खेपंला बघती की. परवा गोठ्यात ठेच लागली, त्याचं आसंल ते."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. ठेचबिच काही लागली नव्हती. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं.

मॅडमनी एकदा बोटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. 'दोन दिवसांपूर्वी ठेच. सूज, पू. जुनी शुगर.' गेनबांना म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता चाकणला दवाखान्यात न्या." गेनबांनी स्कूटर काढली. सगुणाबाई मागे बसल्या, पदर खोचला आणि जाताना मला म्हणाल्या, "चुलीपाशी भाकरी झाकून ठिवलीय. खाऊन जा."

मी खाल्ली नाही. एवढी तरी लाज शिल्लक होती.

परतीच्या वाटेवर चिंबळी फाट्याजवळ एक ट्रेलर आडवा झाला होता. बस जागची हलेना. प्राजक्तानं सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजली, "आजीनं वाचवलं तुला. आता तोंड उघडू नको. सहा महिने मागे पाडतील."

ते खरं होतं. खोटी नोंद सापडली तर ते सगळं काम रद्द, पुढच्या बॅचबरोबर पहिल्यापासून करायचं आणि परीक्षा सहा महिन्यांनी. घरी वडील सगळ्यांना सांगत सुटले होते की पुढच्या वर्षी पोरगी नर्स होणार.

गंमत म्हणजे मला त्या वेळी सगुणाबाईंचाच राग आला. यांना कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? माझं मी निस्तरलं असतं. बराच वेळ मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. भांडता भांडता ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आली. दोन दिवसांपूर्वी ठेच.

दोन दिवसांची जखम असली की डॉक्टर पट्टी करतात, गोळ्या देतात आणि पाच दिवसांनी या म्हणतात. कित्येक आठवडे कुणी बघितलेलीच नाही अशी जखम असली की आधी पायाचा एक्स-रे फोटो काढतात, आत हाडापर्यंत काही गेलंय का ते बघतात. मधले पाच दिवस गेले तर शुगरच्या माणसाचं बोट काय, पायसुद्धा जाऊ शकतो. हे मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर म्हणून लिहिलं होतं आणि मला त्यात नऊ मिळाले होते.

मी उठले. प्राजक्तानं ओढणी धरली, ती सोडवली. मॅडम पुढच्या सीटवर हजेरी लिहीत होत्या.

"मॅडम, मी आजींचे पाय बघितले नव्हते."

"कधी?"

"एकदाही नाही. तिन्ही वेळा न बघता लिहिलं."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पर्स खांद्याला अडकवली आणि ड्रायव्हरला दार उघडायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "चल."

रस्ता ओलांडून आम्ही चाकणकडे जाणारी रिक्षा धरली. सहा माणसांत दाटीवाटीनं बसलो. वाटेत मॅडम एवढंच बोलल्या, "डॉक्टरांना तूच सांगायचंस. सांगताना माझ्याकडे बघायचं नाही."

दवाखान्यात सगुणाबाई बाकावर बसल्या होत्या. बोटाला पांढरी पट्टी, हातात गोळ्यांची पुडी. पाच दिवसांनी बोलावलं होतं. गेनबा स्कूटरची किल्ली शोधत होते. मी सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी नर्सिंगची विद्यार्थिनी, या आजींचे पाय बघायचं काम माझ्याकडे होतं, तीन आठवडे मी ते बघितले नाहीत आणि फाइलमध्ये बघितले असं लिहिलं. ही जखम कधीची आहे ते कुणालाच माहीत नाही. ठेच लागलेली नाही. हे बोलताना माझा आवाज इतका कापत होता की डॉक्टरांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी लगेच फोटो काढायला पाठवलं. फोटोत बोटाच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ दिसली. लोखंडाचा कीस होता. अंगणातलाच, भाडेकरूंच्या बुटांतून आलेला. जोडव्याखाली शिरून तो आत गेला होता आणि हाड खराब व्हायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, पिंपरीला न्या, आजच.

सगुणाबाईंनी माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"कशाला बोललीस गं? मी निभावलं व्हतं की."

"आजी, तुमचं बोट जाईल हो."

"माझं बोट म्हातारं झालंया. तुझं वरीस कवळं हाय."

मी तिथंच रडायला लागले. भाकरीचं ताट मी तीन वेळा घेतलं होतं, पण ही बाई मला आपलं बोट द्यायला निघाली होती, न मागता, न कुरकुरता. इतकं मला कुणी कधी दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला घेता येत नव्हतं.

मीही बरोबर गेले. पिंपरीच्या रुग्णालयात बोट काढायचं ठरलं. त्याआधी जोडवं काढायला हवं होतं. सगुणाबाई कुणाला हात लावू देईनात. "नवरा जिता हाय माझा," एवढंच म्हणत होत्या. सिस्टर समजावून थकल्या. शेवटी गेनबा खाटेजवळ आले. त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काढू दे गं. मी कुठं जात न्हाई."

मग सगुणाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पाय माझ्याकडे सरकवला. "तूच काढ. इलाज न्हाई म्हनून सांगीन देवीला." मी जोडव्याची दोन टोकं हळूहळू फाकवली आणि ते बाहेर काढलं. तो त्यांच्या पायाला लागलेला माझा पहिला हात. गेनबांनी जोडवं रुमालात बांधून खिशात ठेवलं.

बोट गेलं, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे वाक्य ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर बोटही राहिलं असतं, हे तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना कळत होतं. गेनबा दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

कॉलेजनं मला सहा महिने मागे टाकलं. मॅडमनी माझी बाजू घेतली नाही आणि मला खाली मान घालूनही बसू दिलं नाही. त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावलं, ती फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "रिकाम्या रकान्याला लाल गोल मी करत होते. तुम्ही रकाने भरायला शिकलात, माणसं बघायला नाही. यात माझीही चूक आहे. आजपासून रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, पण का राहिला ते लिहा. 'पाय पाहू दिले नाहीत.' चार शब्द. हे चार शब्द कुणी लिहिले असते तर मी दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले असते."

प्राजक्तानं त्या दिवशी मान वर केली नाही. तास संपल्यावर ती आपली फाइल घेऊन मॅडमच्या मागे गेली. कुलूपवाल्या घराच्या चार बीपींवर तिनं स्वतः रेघ मारली.

पंधरवड्यानं पुढच्या बॅचबरोबर माझं काम पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा मॅडमनी मला कुरुळीच दिली आणि घरही तेच दिलं. मी विचारलं, "दुसरं घर नाही का मिळणार?" त्या म्हणाल्या, "नाही."

पहिल्या दिवशी मी दारात घुटमळले. सगुणाबाई आतून म्हणाल्या, "भाकर थापलीय, ये." त्यानंतर महिनाभर मॅडम पट्टी करायच्या आणि मी ट्रे धरायचे. पायाला मला अजून हात लावू देत नव्हत्या. ते दवाखान्यातलं वेगळं होतं, त्यांच्या मते. मी फाइलमध्ये लिहायचे, 'जखम मॅडमनी पाहिली. मला पाय पाहू दिले नाहीत.' लिहिताना मला दर वेळी हलकं वाटायचं. खरं लिहिण्यात इतकी सोय असते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आज मी एका मोठ्या वॉर्डात काम करते. शिकाऊ मुली येतात, मी त्यांच्या नोंदी तपासते. एखादीनं काही रिकामं ठेवून शेजारी कारण लिहिलेलं दिसलं की मी तिला आधी चहा पाजते. माझा स्वभाव सुधारलाय असं नाही, ओरडते मी अजूनही. पण जे काही चांगलं माझ्या हातून होतं, ते बसमधून उतरलेल्या एका बाईमुळे आणि माझ्यासाठी खोटं बोललेल्या दुसऱ्या बाईमुळे. त्या दोघींचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मला मिरवायला आवडतात.

त्याच वर्षीच्या नवरात्रातली अष्टमी मात्र सांगायची राहिली.

सगुणाबाईंनी मला निरोप धाडला होता, कुमारिका म्हणून जेवायला ये. ओसरीवर पाच पाट मांडले होते. चार पाटांवर सृष्टी आणि तिच्या आठ-नऊ वर्षांच्या मैत्रिणी, पाचव्यावर वीस वर्षांची मी, घोडी. पोरी माझ्याकडे बघून खुसूखुसू हसत होत्या. गेनबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हसता काय गं? ती बी कुमारिकाच हाय." दोन आठवड्यांचा अबोला संपल्यावरही ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले.

सगुणाबाई नऊ बोटांवर जपून चालत आल्या. परात ठेवली, एकेकीचे पाय धुतले, पदरानं पुसले, कुंकू लावलं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी पाय आखडून घेतले.

"आजी, माझे नको. माझी तेवढी लायकी नाही."

"पाय हिकडं कर," त्या म्हणाल्या. "लायकी मी बघते."

त्यांनी माझे दोन्ही पाय परातीत घेतले, धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. मला रडू आवरेना. सृष्टीनं मला आपला रुमाल दिला.

मग सगुणाबाई माझ्या समोर, खाली, भिंतीला टेकून बसल्या. गेनबांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. रुमालात ते जोडवं होतं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं, लुगडं घोट्याच्या वर सारलं आणि उजवा पाय माझ्याकडे लांब केला.

"घाल. शेजारच्या बोटात."

"पण आजी, मी कुमारिका आहे ना?"

"देवीला इचारलं म्या. काय बोलली न्हाई ती. म्हंजी चालतंय."

मी पाटावरून उतरले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. जोडवं लगेच घातलं नाही. आधी बोट जिथून काढलं होतं ती जागा बघितली. मग तळवा, टाच, एकेक बेचकी. फोनचा उजेड पाडून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मग डावा पाय घेतला. वेळ लागत होता. पोरींना भूक लागली होती.

"आजी, ही काय करते?" सृष्टीनं विचारलं.

"बघू दे तिला," सगुणाबाई म्हणाल्या. "बघितल्याबिगर लिवायची न्हाई ती."

मी जोडवं घातलं. हात धुतले, पिशवीतून फाइल काढली आणि तिथेच ओसरीवर बसून लिहिलं, 'दोन्ही पाय पाहिले. स्वच्छ. जखम नाही.'